कुठलं लिस्प घ्यावं? डेस्कटॉपसाठी बोली आणि इम्प्लिमेंटेशन निवडण्याची पद्धत

पायथन शिकायचं ठरवलं की डाउनलोडचं एकच पान उघडतं आणि विषय संपतो. लिस्पचं तसं नाही. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत या भाषेचं काम सुरू केलं. तेव्हापासून तिच्या इतक्या बोली झाल्या की ‘लिस्प’ हे आता एका भाषेचं नाव न राहता कुळाचं आडनाव झालं आहे. कॉमन लिस्प, स्कीम, रॅकेट, क्लोजर, ईमॅक्स लिस्प ही सगळी त्याच घरची, पण प्रत्येकाची चूल वेगळी. त्यातही प्रत्येक बोलीची इम्प्लिमेंटेशन्स, म्हणजे ती भाषा प्रत्यक्ष चालवणारी सॉफ्टवेअर, अनेक. कॉमन लिस्प म्हटलं की एसबीसीएल, सीसीएल, ईसीएल, एबीसीएल, क्लिस्प, आणि स्कीम म्हटलं की चेझ, गाइल, चिकन, गॅम्बिट, गॉश, चिबी अशी यादी पुढे येते. नवखा माणूस आठवडाभर तुलना वाचत बसतो आणि लिस्पच्या कोडमध्ये पदोपदी येणारा एकही कंस टाइप न करता थकतो.

ती यादी गाळायला मी एकच प्रश्न वापरतो: निवड चुकली तर बदलायला किती पडेल? जिथे बदल स्वस्त आहे तिथे दहा मिनिटांत निवडून मोकळं व्हावं, आणि जिथे महाग आहे तिथे बैठक मारून विचार करावा. लोक नेमकं उलटं करतात. एसबीसीएल की सीसीएल यावर तासन् तास घालवतात आणि कॉमन लिस्प की स्कीम हे मात्र कुणाच्या तरी एका वाक्यावरून ठरवतात.

पहिली पायरी: बोली ठरवा, कारण खरा खर्च तिथे आहे

कॉमन लिस्पचं एएनएसआय (अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था) स्टँडर्ड १९९४ सालचं आहे आणि त्यानंतर ते बदललेलं नाही. हजारावर पानांचा हा दस्तऐवज ९७८ नावं निश्चित करतो: हॅश टेबल (नावावरून किंमत शोधून देणारा साठा), ऑब्जेक्ट सिस्टिम, एरर हाताळणी, फाइलींचं वाचन-लेखन, सगळं त्यात आलं. त्यामुळे एका इम्प्लिमेंटेशनवर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर बहुतेक वेळा थोड्या डागडुजीत चालतो. मॅक्सिमा ही गणिताची प्रणाली याचं ठळक उदाहरण. तोच कोड एसबीसीएल, ईसीएल, क्लिस्प अशा वेगवेगळ्या इम्प्लिमेंटेशन्सवर बांधता येतो. थ्रेड्स (एकाच वेळी चालणारी कामं) आणि सी भाषेतल्या लायब्ररींशी बोलणं या दोन गोष्टी स्टँडर्डमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी बोर्डो-थ्रेड्स आणि सीएफएफआय या लायब्ररी मधला थर म्हणून वापरतात. पहिल्या दिवसापासून हा थर वापरला, तर पुढे इम्प्लिमेंटेशन बदलणं म्हणजे घर न बदलता भाडेकरार बदलण्याइतकं सोपं.

स्कीमचा स्वभाव याच्या विरुद्ध. १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांनी ती बांधली तीच मुळी आटोपशीर भाषा म्हणून. स्कीमची व्याख्या करणारा १९९८ चा आर५आरएस हा अहवाल जेमतेम पन्नास पानांचा. २००७ च्या आर६आरएसमध्ये बरंच काही भरलं, ते अनेकांना पटलं नाही, आणि २०१३ मध्ये आर७आरएस-स्मॉल पुन्हा छोटा झाला. इतका छोटा, की त्यात हॅश टेबलसुद्धा नाही! ती मिळते, पण प्रत्येक इम्प्लिमेंटेशनकडे आपापल्या नावाने किंवा एसआरएफआय नावाच्या पूरक प्रस्तावांतून, आणि त्या प्रस्तावांतले कुठले कोण पाळतं हेही वेगवेगळं. मी एकदा फाइलींची नावं बदलणारी छोटी युटिलिटी एका स्कीमवरून दुसरीवर नेली. तर्क जसाच्या तसा राहिला. बदलावं लागलं ते मॉड्यूल, फोल्डर वाचणं, स्ट्रिंग कापणं आणि हॅश टेबल, म्हणजे जवळजवळ सगळंच. म्हणून स्कीममध्ये इम्प्लिमेंटेशन निवडणं म्हणजेच भाषा निवडणं असं धरून चाला.

रॅकेट आणि क्लोजर यांत हा गोंधळ कमी. रॅकेट आधी पीएलटी स्कीम होतं, २०१० मध्ये नाव बदलून वेगळ्या वाटेने गेलं. भाषा एक, वितरण एक. क्लोजर हे रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलं. ते जावाच्या आभासी यंत्रावर चालतं, त्यामुळे जावाच्या सगळ्या लायब्ररी आयत्या हाताशी येतात.

आता बोली कशी ठरवायची? माझा कौल असा. मोठा, वर्षानुवर्षं टिकवायचा प्रोग्राम हवा असेल, चालू असतानाच त्यात बदल करत राहायचं असेल, तर कॉमन लिस्प. खिडक्या-बटणांचं छोटं सॉफ्टवेअर किंवा शिकणं-शिकवणं हा हेतू असेल, तर रॅकेट. जावाच्या जगात आधीच वावर असेल, तर क्लोजर. ईमॅक्स हा एडिटर दिवसभर उघडा असेल, तर आणखी काही उतरवू नका. ईमॅक्स लिस्प तुमच्याकडे आहेच, आणि पहिले दोन महिने त्यातच मजेत जातील. स्कीमचं एखादं इम्प्लिमेंटेशन मी सुचवेन ते ठरावीक कामासाठीच. गाइल हे जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत एक्स्टेन्शन भाषेचं, म्हणजे इतर प्रोग्राम्समध्ये भर घालायच्या भाषेचं, इम्प्लिमेंटेशन. गिक्स, ग्नूकॅश, लिलीपाँड या प्रोग्राम्सच्या पोटात तेच आहे, तेव्हा त्यांत बदल करायचे तर गाइल. सीमध्ये उतरून छोटी एक्झिक्युटेबल फाइल हवी तर चिकन किंवा गॅम्बिट. शेल स्क्रिप्टच्या जागी काही सुटसुटीत हवं तर गॉश. निव्वळ वेग हवा तर चेझ.

दुसरी पायरी: आपलं यंत्र पाहा

ही पायरी दहा मिनिटांची आहे आणि यादी निम्म्यावर आणते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर या दोन गोष्टी कागदावर लिहा.

विंडोजवर एसबीसीएल, रॅकेट, चेझ, क्लोजर ही नीट चालतात. एमआयटी स्कीमच्या नव्या आवृत्त्या विंडोजवर थेट मिळत नाहीत, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) लागतं. गाइलही विंडोजवर नांदायला कुरकुर करतं. मॅकवर पाहायचं ते चिपकडे: सीसीएलची मुळं मॅकिंटॉश कॉमन लिस्पमध्ये असूनही एम मालिकेच्या चिपवर त्याला रोझेटाचा, म्हणजे इंटेल चिपचे प्रोग्राम चालवून देणाऱ्या ॲपलच्या अनुवादकाचा, आधार घ्यावा लागतो. एसबीसीएल आणि रॅकेट तिथे थेट चालतात. लिनक्सवर सगळंच चालतं, पण एक खाचखळगा आहे. दीर्घकाळ आधार असलेल्या वितरणांच्या पॅकेज भांडारात बऱ्याचदा जुनी आवृत्ती असते. एसबीसीएलची नवी आवृत्ती साधारण दर महिन्याला निघते, त्यामुळे भांडारातली प्रत दोन-तीन वर्षं मागे असणं नवलाचं नाही. शिकायला ती चालते. लायब्ररी तक्रार करू लागली की मूळ संकेतस्थळावरून ताजी प्रत घ्या. एसबीसीएल सोर्सवरून बांधायचं तर आधी एखादं चालू कॉमन लिस्प लागतं, कारण ते बहुतांशी स्वतःमध्येच लिहिलेलं आहे. भांडारातली ती जुनी प्रत इथे कामाला येते.

तिसरी पायरी: दोनच उमेदवार ठेवा आणि एकच प्रोग्राम दोन्हींत लिहा

फिबोनाचीचे आकडे काढणारा प्रोग्राम लिहू नका. त्यातून कळतं ते एवढंच, की बेरीज करता येते. त्याऐवजी एक मजकुराची फाइल वाचून प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजणारा आणि उतरत्या क्रमाने छापणारा प्रोग्राम लिहा. पन्नास ओळींच्या आत बसतो, पण फाइल, स्ट्रिंग, हॅश टेबल, सॉर्टिंग, छपाई आणि कमांड-लाइनवरचं फाइलचं नाव, सगळ्यांना हात लागतो.

फाइल मात्र देवनागरी मजकुराची घ्या. ‘स्त्री’ या शब्दाची लांबी विचारली की एसबीसीएल, रॅकेट आणि क्लोजर तिन्ही सहा सांगतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. डोळ्यांना एकच अक्षर दिसत असलं तरी हे उत्तर बरोबर आहे, कारण मोजले जातात ते युनिकोड कोड पॉइंट. (क्लोजर खरं तर सोळा-बिटी एककं मोजतं, पण देवनागरीत दोन्हींचं उत्तर एकच येतं.) अठरा उत्तर आलं, तर तुमच्या हातात अक्षरं नसून यूटीएफ-८ चे बाइट आहेत असं समजा, वाचतानाच कुठेतरी चुकलंय. प्रश्नचिन्हं किंवा चौकटी छापल्या गेल्या, तर आधी विंडोजच्या कन्सोलचं कोड पेज आणि फाँट तपासा, भाषेला दोष नंतर द्या. जावा १८ पासून यूटीएफ-८ हे गृहीत धरलं जातं, पण जुन्या जावावर क्लोजर चालवत असाल तर फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः सांगा. सांगायची सवय सगळीकडेच ठेवा.

चौथी पायरी: आता मुद्दाम चुका करा

निवडीचा खरा निकाल या पायरीवर लागतो, आणि तुलनेच्या तक्त्यांत हिला जागाच नसते. प्रोग्राम चालण्यापेक्षा बिघडण्याच्या अवस्थेत तुमचा जास्त वेळ जाणार आहे. तेव्हा तो बिघडवून पाहा.

एका फंक्शनचं नाव चुकीचं लिहा, म्हणजे अस्तित्वातच नसलेलं फंक्शन बोलवा. एसबीसीएल कंपाइल करतानाच कुरकुरतं, आणि तरीही चालवलंत तर डीबगरमध्ये थांबतं. प्रोग्राम मेलेला नसतो. ज्या क्षणी अडला तिथेच उभा असतो, आणि समोर क्रमांक घातलेले पर्याय येतात: पुन्हा बोलवून पाहा, दुसरं फंक्शन वापर, अमुक किंमत परत आली असं धर, किंवा सोडून दे. यांना रीस्टार्ट म्हणतात. आता एडिटरमध्ये जाऊन ते हरवलेलं फंक्शन लिहा, तेवढंच कंपाइल करा आणि ‘पुन्हा बोलवून पाहा’ निवडा. काम जिथे अडलं होतं तिथून पुढे सुरू होतं. तासभर चाललेली आकडेमोड शेवटच्या टप्प्यावर अडकली असेल, तर या सोयीची किंमत कळते. माणसं कॉमन लिस्प सोडत नाहीत त्याचं मोठं कारण हे आहे, असं माझं मत.

रॅकेटमध्ये चूक झाली की प्रोग्राम थांबतो, पण डॉ. रॅकेट हा त्याचा सोबतचा एडिटर चुकीची जागा रंगवून दाखवतो आणि संदेश माणसाला कळेल अशा भाषेत देतो. नवशिक्यांसाठी त्यात मर्यादित पातळ्यांच्या भाषाही आहेत. त्यामुळे अजून न शिकलेल्या गोष्टीबद्दलचा संदेश डोक्यावर आदळत नाही. क्लोजरच्या बाबतीत जावाच्या स्टॅक ट्रेसशी (चूक होईपर्यंत कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी) मैत्री करावी लागते. १.१० आवृत्तीपासून संदेश सुधारले आहेत, तरी पहिल्या महिन्यात तुमच्या दोन ओळींच्या चुकीसाठी अनोळखी क्लासच्या नावांची लांबलचक रांग बघायची तयारी ठेवा.

दुसरी चूक: आकड्याच्या जागी स्ट्रिंग द्या. तिसरी: नसलेली फाइल उघडा. चौथी: कधीच न संपणारं आवर्तन लिहा, मग कंट्रोल-सी दाबा आणि रेपल (ओळ टाइप केली की लगेच उत्तर देणारी खिडकी) परत मिळतो का ते पाहा. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, पडद्यावरचं वाचून पुढे काय करायचं ते कळलं का? दोन उमेदवारांपैकी ज्याच्या बाबतीत ‘हो’ जास्त वेळा आलं, तो जवळजवळ निवडला गेला.

इथे एक इशारा. एसबीसीएल नुसत्या टर्मिनलमध्ये उघडून त्याची परीक्षा घेऊ नका. बाण दाबले की विचित्र चिन्हं उमटतात, मागची ओळ परत येत नाही, आणि माणूस वैतागून बंद करतो. आरएलरॅप नावाच्या छोट्या प्रोग्रामने तेवढं दुखणं जातं, पण खरी जोडी ईमॅक्समधल्या स्लाइम किंवा स्लायशी आहे. ईमॅक्स नको असेल तर व्हीएस कोड आणि विमसाठीही जोडण्या आहेत. कंस मोजायचे नसतात, ते एडिटरचं काम. जो एडिटर कंस जुळवून दाखवतो आणि एकेक फॉर्म, म्हणजे कंसातला पूर्ण तुकडा, रेपलकडे पाठवतो, तो चालेल.

पाचवी पायरी: लागणाऱ्या लायब्ररींची खानेसुमारी

‘लायब्ररी किती आहेत’ हा प्रश्न निरुपयोगी. तुम्हाला लागणाऱ्या चार-पाच नावानिशी लिहा, समजा एसक्यूलाइट, जेसन, एचटीटीपी आणि पीडीएफ, आणि प्रत्येक बसवून तिचं पहिलं उदाहरण चालवून पाहा. कॉमन लिस्पमध्ये हे काम क्विकलिस्प करतं. झॅक बीन यांनी ते २०१० मध्ये खुलं केलं आणि त्याआधीचे हाल ज्यांनी काढले त्यांनाच त्याचं मोल ठाऊक. ते लायब्ररींचा संपूर्ण संच एकत्र जुळवून देतं, त्यामुळे एखादीच लायब्ररी विशिष्ट आवृत्तीवर अडकवून ठेवायची असेल तर जोडीला क्यूलॉट घ्या. शेवटचा बदल पाच वर्षांपूर्वीचा दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. १९९४ पासून न हललेल्या भाषेत न हललेली लायब्ररी ही बऱ्याचदा फक्त पूर्ण झालेली लायब्ररी असते.

खिडक्या आणि बटणं हवी असतील तर इथे रॅकेट सरळ पुढे जातं: त्याची ग्राफिक लायब्ररी सोबतच येते आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर तोच कोड चालतो. क्लोजरला जावाचं स्विंग आणि जावाएफएक्स मिळतं. फुकटच्या कॉमन लिस्पमध्ये एलटीके आहे, मॅकक्लिम आहे. कामं होतात, देखणेपणाची अपेक्षा बेताची ठेवा. लिस्पवर्क्स या कॉमन लिस्पची कॅपी ही खिडक्यांची लायब्ररी चांगली आहे, पण ते विकतचं. लिस्पवर्क्सची मोफत पर्सनल आवृत्ती पाच तासांनी सत्र बंद करते, मेमरीवर मर्यादा घालते आणि एक्झिक्युटेबल बनवू देत नाही. चव घेण्यापुरती ती ठीक.

सहावी पायरी: दुसऱ्याच्या संगणकावर चालवून पाहा

ही चाचणी लोक शेवटी करतात आणि तिथेच रडतात. शब्द मोजणारा तोच प्रोग्राम एक्झिक्युटेबल करून, ज्या संगणकावर लिस्पचा मागमूस नाही तिथे न्या.

एसबीसीएलमध्ये यासाठीच्या फंक्शनचं नाव आहे ‘सेव्ह-लिस्प-अँड-डाय’, आणि ते नावाला जागतं: चालू स्मृतीची संपूर्ण प्रतिमा फाइलीत उतरवून प्रक्रिया संपवतं. त्या प्रतिमेत कंपाइलरसह सगळं लिस्प येतं, त्यामुळे दोन ओळींच्या प्रोग्रामचीही फाइल तीस-चाळीस एमबी भरते. काँप्रेशनची सोय घालून बांधलेली प्रत असेल तर आकार बराच उतरतो. दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. एक, स्लाइममधून हे फंक्शन चालवलं की एकाहून जास्त थ्रेड चालू आहेत म्हणून ते नकार देतं. साध्या टर्मिनलमधून किंवा बिल्ड स्क्रिप्टमधून चालवा. दोन, सीएफएफआयने जोडलेली सी लायब्ररी त्या फाइलीत येत नाही. तुमच्याकडे एसक्यूलाइट बसवलेलं असतं म्हणून सगळं सुरळीत, समोरच्याकडे ती डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) नाही आणि प्रोग्राम उघडताच कोसळतो. डीएलएल सोबत द्यावी लागते. आणि कंपाइल केलेल्या फास्ल फाइली वाटायच्या फंदात पडू नका. एसबीसीएलची आवृत्ती बदलली की त्या नाकारल्या जातात.

आकार फारच खटकत असेल, किंवा आधीच्या सी प्रोग्रामच्या आत लिस्प बसवायचं असेल, तर ईसीएल पाहा. ते सी कोडमार्फत कंपाइल करतं, म्हणजे सी कंपाइलर हाताशी लागतो आणि बांधणीला वेळ लागतो. रॅकेटमध्ये ‘राको एक्झी’ आणि मग ‘राको डिस्ट्रिब्यूट’, बस्स. क्लोजरची जार फाइल (जावा प्रोग्रामचं गाठोडं) चालायला समोर जावा लागतं, आणि सुरू व्हायला सेकंदभर जातो. रोज शंभर वेळा चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टला तो सेकंद टोचतो; त्यासाठी बाबाश्का हे क्लोजरच्या स्क्रिप्ट चालवणारं साधन आहे, झटकन उघडतं.

वेग आणि परवाना: थोडक्यात

वेगाबद्दल इतकं पुरे की एसबीसीएल आणि चेझ दोन्ही मूळ मशीन कोड तयार करतात आणि डेस्कटॉपवरच्या बहुतेक कामांत अडथळा त्यांचा नसून तुमच्या अल्गोरिदमचा असतो. रॅकेटही ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, चेझच्याच पायावर उभं आहे. सीसीएल कंपाइल करतं झपाट्याने, पण त्याने तयार केलेला कोड सहसा एसबीसीएलपेक्षा हळू पळतो. क्लिस्प मशीन कोडऐवजी बाइटकोडवर (मधल्या टप्प्यावरच्या कोडवर) चालतं, जड आकडेमोडीला नको.

परवान्याचा विचार प्रोग्राम वाटायचा किंवा विकायचा असेल तरच. एसबीसीएलचा बराचसा कोड पब्लिक डोमेन आहे, चेझ २०१६ पासून अपाचे परवान्याखाली खुलं आहे, गाइल आणि ईसीएल एलजीपीएलखाली, क्लिस्प जीपीएलखाली (त्यावर बेतलेला वाटलेला कोडही खुला ठेवायला लावणारा परवाना; एलजीपीएल हे त्याचंच सौम्य रूप). क्लिस्पची प्रतिमा वाटणार असाल तर जीपीएलची अट तुमच्या कोडला कुठवर लागू होते ते आधी नीट वाचा.

सातवी पायरी: निवडलंत, आता गाडून घ्या

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक साधी फाइल करा आणि तिच्यात चार ओळी लिहा: इम्प्लिमेंटेशन आणि त्याची नेमकी आवृत्ती, ती कुठून घेतली, लायब्ररी संचाची तारीख, आणि बांधणीची कमांड जशीच्या तशी. क्विकलिस्पचे संच तारखेने ओळखले जातात, ती तारीख टाका. कॉमन लिस्प घेतलं असेल तर दुसरं इम्प्लिमेंटेशनही शेजारी बसवून ठेवा, आणि महिन्यातून एकदा तुमच्या चाचण्या त्यावर चालवा. एसबीसीएल ज्यावर गप्प बसतं त्यावर ईसीएल ओरडतं, किंवा उलट. त्यातून नकळत स्टँडर्डबाहेर गेलेल्या जागा सापडतात. स्कीम घेतलं असेल तर फाइली, फोल्डर, हॅश टेबल यांना हात लावणारा सगळा कोड एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये कोंडून ठेवा. उद्या घर बदलायची वेळ आलीच, तर तेवढं एक मॉड्यूल नव्याने लिहावं लागेल.